डाव्या हाताची डॉक्टरी

डॉक्टरांचं अक्षर वाईट असतं हे जगजाहीर आहे. पण या डॉक्टरांच्या अक्षराला वाईट म्हणणं म्हणजे पुराला ओल म्हणण्यासारखं होतं. शाईत पडलेली मुंगी कागदावरून लंगडत गेली, तर निदान ती कुठून कुठे गेली एवढं तरी समजतं. डॉक्टरांची ओळ सुरू व्हायची, मध्येच दम खायची आणि शेवटी एका लांबलचक फराट्यात विरून जायची. तो फराटा म्हणजे कधी त्यांची सही असे, तर कधी 'दिवसातून दोनदा, जेवणानंतर'.

बाकी माणूस लाखात एक. दवाखान्यातला सगळ्यात मोठा वॉर्ड त्यांच्याकडे होता, छातीच्या आणि पोटाच्या दुखण्यांचा. जिने चढायचे-उतरायचे ते दोन-दोन पायऱ्या एकदम. रोग्याशी बोलायचं तर त्याच्या खाटेवर टेकून, घाई नसल्यासारखं. खोकला ऐकून ते दारातूनच सांगायचे, की आज कालच्यापेक्षा बरं आहे. सगळी घाई त्यांनी जणू लिहिण्यासाठी राखून ठेवलेली होती.

त्यांची बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका. पहिलीच्या वर्गाला अक्षरं गिरवायला शिकवण्यात तिचा जन्म गेलेला. ती म्हणायची, "गावातल्या सगळ्या पोरांना वळण लावलं, घरातलं तेवढं राहिलं."

या अक्षराचा खरा भार वाहत होत्या त्या तळमजल्यावरच्या औषध विभागाच्या प्रमुख बाई. उंच, सडपातळ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. वॉर्डातून डॉक्टरांची चिठ्ठी खाली आली, की थोड्या वेळात वॉर्डातला फोन वाजायचा.

"डॉक्टर, खिडकीजवळच्या खाटेला काय द्यायचंय?"

"लिहिलंय की."

"लिहिलंय ते दिसतंय. काय लिहिलंय?"

मग डॉक्टर विचारायचे, "रोगी कोण आहे?" बाई सांगायच्या, "ते खोकल्याचे आजोबा." डॉक्टर म्हणायचे, "मग खोकल्याचंच असणार."

"'असणार'वर मी बाटली उघडत नाही," बाई म्हणायच्या, आणि डॉक्टर मुकाट्याने औषधाचं नाव सांगायचे. दोघांनाही त्याची इतकी सवय झाली होती, की एखाद्या दिवशी फोन आला नाही तर डॉक्टरांना चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

अशात दवाखान्यात कॉम्प्युटर आला.

तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे खिशात मावणारी चीज नव्हे. तळघरातली एक अख्खी खोली त्याने व्यापली. कपाटामागे कपाटं, त्यांच्यात लुकलुकणारे दिवे, आणि त्यांना उकडू नये म्हणून गार हवेची सोय. रोग्यांना पंखा आणि यंत्राला गारवा, अशी कुरकूर पहिल्याच आठवड्यात सुरू झाली. या यंत्रासाठी दवाखान्याने जी प्रोग्रामर नेमली होती, ती निघाली डॉक्टरांच्या थोरल्या बहिणीची मुलगी. लहानपणी सुट्टीला मामाकडे आली की घरातली घड्याळं उघडून बसायची. पुढे गणित शिकली, मोठ्या शहरात कॉम्प्युटरवर काम करून आली. आता तिने असा प्रोग्राम लिहिला होता, की डॉक्टरांनी औषध, तपासणी, पथ्य, जे काही सांगायचं ते वॉर्डातल्या काचेच्या पडद्यावर सांगावं, आणि ते खाली औषध विभागात नि वॉर्डात छापून बाहेर पडावं. चिठ्ठी नाही, फराटा नाही.

अधीक्षकांनी सगळ्या डॉक्टरांची सभा बोलावली. टेबलावर एक पडदा ठेवला होता आणि त्याला वायरीने बांधलेलं एक जाडजूड पेन होतं. भाचीने ते पेन पडद्यावरच्या रोग्याच्या नावावर टेकवलं. नाव गेलं आणि औषधांची यादी आली. औषधावर टेकवलं, तर किती द्यायचं ते आलं. मग किती वेळा. शेवटी कोपऱ्यातल्या 'पाठवा'वर टेकवलं आणि भिंतीजवळचं छपाईयंत्र खडखडलं. टायपिंग येण्याची गरज नाही, ती म्हणाली, फक्त बोट दाखवल्यासारखं पेन दाखवायचं.

डॉक्टर उठून उभे राहिले. खिशातलं पेन काढून त्यांनी सगळ्यांना दाखवलं. "माझ्याकडे पेन आहे. आणि त्याला दोरी बांधलेली नाही."

सभा हसली. भाचीचे कान लाल झाले. "मामा," ती म्हणाली, "दोरी खरं तर तुमच्याच पेनाला बांधायला हवी."

आता सभा दुप्पट हसली. कामाच्या ठिकाणी 'डॉक्टर' म्हणायचं असं तिचं स्वतःशी ठरलेलं होतं, ते त्या एका वाक्यात वाहून गेलं. त्या दिवसापासून डॉक्टरांच्या पाठीमागे अख्खा दवाखाना त्यांना मामा म्हणायला लागला.

अधीक्षकांनी पहिला प्रयोग डॉक्टरांच्याच वॉर्डात करायचं ठरवलं. "आग जिथे जास्त, बंब आधी तिथे," ते म्हणाले.

पडदा वॉर्डात आला. डॉक्टरांनी त्याला विरोध केला नाही, त्याच्याकडे फक्त पाहिलंच नाही. ते पूर्वीसारखे कागदावर फराटे मारत राहिले आणि वॉर्डच्या मोठ्या सिस्टर त्या चिठ्ठ्या पूर्वीसारख्या खाली पाठवत राहिल्या. पडद्यावर धूळ बसू नये म्हणून सिस्टरनी त्यावर एक पांढरी चादर घातली. लांबून पाहणाऱ्याला वाटे, कोपऱ्यात कुणी रोगी पांघरूण घेऊन बसला आहे.

भाची दर रविवारी जेवायला मामाकडे असायची. त्या रविवारी ती पानावर बसली, पण बोलेना.

"काय गं, गप्प का?" मामीने विचारलं.

"माझं काम चादर ओढून झोपलंय, मामी. मी बोलले तर त्याची झोपमोड व्हायची."

डॉक्टर म्हणाले, "हे बघ, तुझ्यावर राग नाही माझा. पण रोगी समोर असताना मी त्याच्याकडे बघायचं की काचेकडे?"

"आत्ता कागदाकडे बघताच ना?"

"कागदाकडे कुठे बघतात ते," मामी म्हणाली. "बघितलं असतं तर असं अक्षर आलं असतं का?"

डॉक्टरांनी भाताचा मोठा घास घेतला. दोघींसमोर आपला निभाव लागत नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण सोमवारी पडद्यावरची चादर तशीच राहिली.

पुढे जे झालं ते जिन्याने केलं. फरशी नुकतीच पुसलेली होती, डॉक्टर सवयीप्रमाणे दोन-दोन पायऱ्या उतरत होते, आणि शेवटच्या दोन पायऱ्या त्यांच्याआधीच निघून गेल्या. ते उजव्या हातावर पडले. उठून बसल्यावर त्यांनी आपला हात परक्याचा असल्यासारखा न्याहाळला आणि धावत आलेल्या लोकांना सांगितलं, "मनगट गेलं. हाडांच्या डॉक्टरांना सांगा, मीच येतोय."

हाडांच्या डॉक्टरांनी बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर चढवलं. "या हाताला सक्त विश्रांती," ते म्हणाले, "आणि आमच्या डोळ्यांनाही."

घरी बसणं डॉक्टरांच्या रक्तात नव्हतं. रोगी तपासायला डावा हात पुरला असता. प्रश्न लिहिण्याचा होता. त्या संध्याकाळी बायकोने जेवणाच्या टेबलावर दुरेघी वही उघडली, डाव्या हातात पेन्सिल दिली आणि समोर खुर्ची ओढून बसली.

"आधी गोल काढा. गोलाचं तोंड बंद करा."

"अगं, मी काय..."

"वर्गात बोलायचं नाही."

डॉक्टरांनी गोल काढला. त्याचं तोंड बंद केलं. मग उभी रेघ, मग आडवी, मग शेपटी. बायको मध्येच त्यांचं कोपर सरळ करायची, पेन्सिल घट्ट धरली की बोटांवर टिचकी मारायची. एवढ्या वर्षांच्या संसारात ती त्यांच्याकडे शिक्षिका म्हणून पहिल्यांदाच पाहत होती, आणि ही किती गोड शिकवते, हे डॉक्टरांना पहिल्यांदाच कळत होतं. तिच्याकडून शाबासकी मिळावी म्हणून त्यांनी एक अख्खं पान गिरवलं.

पुढच्या सोमवारी त्यांनी डाव्या हाताने चिठ्ठ्या लिहिल्या. मोठी, गोल, ओळीवर बसलेली अक्षरं. चिठ्ठ्या खाली गेल्या आणि थोड्या वेळात वॉर्डातला फोन वाजला. या वेळी औषधवाल्या बाईंनी डॉक्टरांना नव्हे, सिस्टरना मागितलं होतं.

"या चिठ्ठ्या कुणी लिहिल्यात?"

"डॉक्टरांनी."

"शक्य नाही. मला वाचता येताहेत."

"अहो, खरंच त्यांनीच..."

"सिस्टर, कुणीतरी त्यांच्या नावाने औषधं मागवतंय. मी एकही गोळी वर पाठवणार नाही. त्यांना खाली पाठवा."

डॉक्टर गळ्यात हात अडकवून खाली गेले. या वेळी जिना एक-एक पायरीने. बाईंनी त्यांच्यासमोर कागद सरकवला. "लिहा माझ्यासमोर."

डॉक्टर जीभ दातांत धरून लिहू लागले. बाई चष्म्यावरून पाहत होत्या. औषधाचं नाव पुरं झालं तेव्हा त्यांनी कागद उचलून उजेडात धरला.

"इतकी वर्षं हा हात कुठे दडवून ठेवला होता तुम्ही?" त्या म्हणाल्या, आणि औषधं वर गेली.

अक्षर सुधारलं खरं, पण वेळेचं काय? एक-एक चिठ्ठी म्हणजे अक्षर-गिरवणीचा तास. राउंड दुपारपर्यंत लांबायला लागली, रोग्यांची जेवणं निवायला लागली. बुधवारी मोठ्या सिस्टर न राहवून म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचं अक्षर फार सुंदर झालंय. पण रोगी बरा होऊन घरी जाईल, तरी त्याची चिठ्ठी पुरी व्हायची नाही."

त्या दुपारी सगळे जेवायला गेल्यावर डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि कोपऱ्यातली चादर काढली.

वायरीचं पेन डाव्या हातात धरलं. नावावर टेकवलं. औषधांची यादी उघडली, एकदम, नीटनेटकी. हव्या त्या औषधावर टेकवलं. किती, किती वेळा, 'पाठवा'. दारापाशी छपाईयंत्र खडखडलं आणि ते दचकले. मग फोन वाजला.

"मिळालं," बाई म्हणाल्या. "कुणी पाठवलं?"

"मी."

फोनवर कागद उलटसुलट केल्याचा आवाज आला. "बरं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

डॉक्टरांना नवं खेळणं मिळालेल्या पोरासारखं झालं. त्यांनी दुसऱ्या रोग्याचं औषध पाठवलं, तिसऱ्याची रक्ताची तपासणी, चौथ्याचं बिनमिठाचं जेवण. मागे कुणीतरी उभं आहे हे त्यांना बऱ्याच वेळाने जाणवलं. तळघरातल्या यंत्राला अचानक काम लागलेलं पाहून भाची धावत वर आली होती.

"मी आपलं बघत होतो," डॉक्टर म्हणाले.

"बघा की, मामा," ती म्हणाली आणि त्यांना पेन नीट सरळ धरायला दाखवलं.

पुढचे काही दिवस छान गेले. राउंड वेळेत संपायला लागली. दुसऱ्या वॉर्डांतले डॉक्टर सहज फेरी मारल्यासारखं दाखवून मामा काय करताहेत ते दारातून पाहून जायचे. डॉक्टरही मग मुद्दाम जरा ऐटीत पेन टेकवायचे. आणि तिथेच घात झाला.

वॉर्डात दोन शेजारी होते. एक निवृत्त बँडमास्तर, दम्याचे. दुसरे किराणा दुकानदार, पोट साफ होत नाही म्हणून कासावीस झालेले. पडद्यावरच्या यादीत दोघांची नावं वर-खाली, एकमेकांना चिकटलेली. डॉक्टरांनी पेन टेकवलं, नाव पडद्यावरून गेलं, यादी आली. एनिमा, उद्या सकाळी. 'पाठवा'. दारात उभ्या असलेल्या पाहुण्यांकडे पाहून ते हसले देखील.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर ट्रे घेऊन बँडमास्तरांच्या खाटेशी गेल्या आणि खाटेभोवतीचा कापडी पडदा ओढायला लागल्या.

"हे काय आहे?" बँडमास्तरांनी विचारलं.

सिस्टरनी सांगितलं.

"सिस्टर, माझा श्वास वर अडकतोय. तुम्ही तो खालून कुठे शोधायला निघालात?"

"कागदावर तुमचंच नाव आहे काका. हे बघा, छापील आहे."

"छापील आहे म्हणून मी ऐकायचं?" बँडमास्तर उठून बसले. उघड्या मैदानावर वाजणाऱ्या बँडला ऐकू जावा असा त्यांचा आवाज. दम्याने त्यातलं काही कमी झालं नव्हतं. अख्खा वॉर्ड कान टवकारून ऐकायला लागला. तेवढ्यात डॉक्टर आत आले. त्यांनी सिस्टरच्या हातातला ट्रे पाहिला, कागद पाहिला, शेजारच्या खाटेवरच्या दुकानदारांचं केविलवाणं तोंड पाहिलं, आणि काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "हे शेजारच्यांसाठी होतं. माफ करा."

बँडमास्तर त्यांच्याकडे पाहत राहिले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू आलं. "एखादा सूर चुकतो हो डॉक्टर," ते म्हणाले. "पण इतक्या भलत्या वाद्यावर?"

"तुमचं झालं असेल तर," शेजारून दुकानदार क्षीण आवाजात म्हणाले, "तो ट्रे इकडे आणता का?"

जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या दवाखान्यात पसरलं, की यंत्राने मामाला मामा बनवलं. लोक हसत होते. डॉक्टरांनाही सकाळी हसू आलं होतं, पण दुपारी ते गेलं. एनिमा होता म्हणून निभावलं. हृदयाचं औषध असतं तर? बँडमास्तरांच्या जागी कुणी बेशुद्ध रोगी असता तर? त्यांचं जेवणात लक्ष लागेना. डबा तसाच ठेवून ते औषध विभागात गेले.

"काल तुमच्याकडे बँडमास्तरांच्या नावाने एनिमाचा कागद आला," ते म्हणाले. "तुम्ही फोन का नाही केला?"

बाई बाटल्या लावत होत्या. त्या थांबल्या. "स्वच्छ छापून आलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमचं अक्षर असतं तर केला असता."

स्वतःचंच वाक्य ऐकून त्यांनी चष्मा काढला. डॉक्टरांना ते सगळे फोन आठवले. खिडकीजवळच्या खाटेला काय द्यायचंय, रोगी कोण आहे, कशाचा आहे. अक्षर लागत नव्हतं म्हणून का होईना, प्रत्येक औषधाच्या आधी दोन माणसं त्या रोग्याबद्दल बोलत होती. आता सगळं वाचता येत होतं, म्हणून कुणी विचारतच नव्हतं.

"चला माझ्याबरोबर," डॉक्टर म्हणाले. दोघं तळघरात गेली.

गार खोलीत भाची स्वेटर घालून काम करत होती. सकाळची गोष्ट तिच्यापर्यंत पोचली होती आणि ती भांडायच्या तयारीतच होती. "पेन तुम्ही चुकीच्या नावावर टेकवलंत, मामा. यंत्राने सांगितलं तेच केलं."

"टेकवलं. कबूल. पण मी कुणावर टेकवलं ते तुझ्या पडद्याने मला परत सांगितलं का? नाव एकदा गेलं की गेलं. औषध निवडताना समोर रोगीच नाही."

"पडद्यावर जागा नाही हो. ओळी मोजक्या असतात. एक ओळ वाढवायची म्हणजे दुसरी काढावी लागते."

डॉक्टर तिच्या पडद्यासमोर वाकले. सगळ्यात वर दवाखान्याचं लांबलचक नाव होतं, खाली ब्रीदवाक्य, आणि भोवती चांदण्यांची महिरप.

"रोग्याला जागा नाही," ते म्हणाले, "आणि या चांदण्यांना आहे?"

"ते अधीक्षकांना हवं होतं."

"अधीक्षकांना एनिमा द्यायचा असेल तेव्हा ते ठेव."

भाचीने ओठ दाबून धरले, पण हसू फुटलंच. बाईही हसल्या. भांडण तिथेच मोडलं आणि तिघं कामाला लागली. चांदण्या गेल्या, ब्रीदवाक्य गेलं. त्या जागी रोग्याचं नाव, खाट, आणि तो कशाने आजारी आहे ते आलं. शेवटच्या क्षणापर्यंत डोळ्यांसमोर राहणारं. तेच छापील कागदावरही येऊ द्या, बाई म्हणाल्या. दम्यासमोर एनिमा दिसला तर छपाई कितीही सुरेख असू दे, मी फोन करीन.

मग तिघांना हुरूप चढला. पाठवण्याआधी यंत्राने विचारावं, हा रोगी नक्की ना? हे औषध नक्की ना? एवढं नक्की ना? पोटात जळजळेल, चालेल ना? झोप येईल, चालेल ना? पंधरवड्यात यंत्र इतकं चौकस झालं, की वॉर्डात त्याची ख्याती पसरली. सिस्टर म्हणाल्या, चहा करून, पिऊन, कप विसळून आलं तरी याच्या शंका संपत नाहीत.

एका सकाळी डॉक्टरांना आढळलं, की आपण प्रश्न वाचतच नाही. पेन 'हो'वर टेकवत नुसते पुढे जातोय. पेपर वाचताना बायकोच्या बोलण्याला 'हूं हूं' करत जावं तसं. त्यांनी राउंड संपताच भाचीला आणि बाईंना वॉर्डातच बोलावलं.

"हे मागच्यापेक्षा वाईट झालंय," ते म्हणाले. "मागे मला कुणी विचारत नव्हतं. आता विचारतात आणि मी ऐकत नाही."

"ज्याचं उत्तर नेहमी 'हो'च असतं, तो प्रश्न नव्हेच," बाई म्हणाल्या. "काढा असले सगळे."

"काढायचे कोणते?" भाचीने विचारलं. "मला सगळे सारखेच."

"ते मी सांगते."

बाईंनी सांगितलं. त्यासाठी त्यांनी पुस्तकं चाळली, जुन्या चुका आठवल्या, डॉक्टरांशी वाद घातला. एकदा दोघं एका गोळीवरून इतकी तावातावाने बोलत होती, की रोग्यांना वाटलं, आपलंच काही बिघडलंय. शेवटी मूठभर प्रश्न उरले. यंत्र गप्प बसायला शिकलं, आणि बोललं तर माणसं मान वळवून बघायला लागली.

त्याचा प्रत्यय लवकरच आला. शिवणकाम करणाऱ्या एक बाई ताप आणि छातीत कफ घेऊन दाखल झाल्या. डॉक्टरांनी तपासलं, बोलले, धीर दिला, आणि पडद्यावर येऊन नेहमीच्या औषधावर पेन टेकवलं. पडदा लुकलुकला. डॉक्टर वैतागले. मग त्यांनी वाचलं. या बाई मागे कधीतरी शस्त्रक्रियेच्या वॉर्डात होत्या आणि हेच औषध त्यांना बाधलं होतं. जुन्या केसपेपरांतल्या अशा नोंदी भाचीने यंत्रात भरून ठेवल्या होत्या.

ते परत खाटेशी गेले. "मागे एखाद्या औषधाने त्रास झाला होता का तुम्हाला?"

"अगंबाई, हो," त्या म्हणाल्या. "अंगभर चट्टे, आणि गळा असा आवळून आला होता. सांगायचं राहिलंच बघा. तापात काही सुचत नाही."

डॉक्टर त्यांच्या खाटेवर टेकले. त्यांच्या हातून आत्ता काय होता होता टळलं होतं ते त्यांच्याइतकं त्या वॉर्डात कुणालाच कळलं नसतं. त्यांनी त्या बाईंशी शिवणकामाबद्दल बराच वेळ गप्पा मारल्या, कारण लगेच उठून जाववेना. मग दुसरं औषध पाठवलं. घरी गेल्यावर त्यांनी बायकोला हे सगळं सांगितलं. तिने त्यांच्या ताटात वाढलं आणि समोर खुर्ची ओढून बसली.

प्लास्टर निघण्याचा दिवस आला तेव्हा सगळ्या डॉक्टरांच्या बसायच्या खोलीत पैजा लागल्या होत्या. मामा खिशातल्या पेनाकडे परतणार, असं बहुतेकांचं मत. हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर कापलं, बारीक झालेलं मनगट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "झकास. आता वापरा."

डॉक्टर वॉर्डात आले. काहीतरी निमित्त काढून तिघं-चौघं मागोमाग आलेच. डॉक्टर रोग्यापाशी बसले, दोन्ही हातांनी त्याचं पोट तपासलं. दोन्ही हातांनी तपासण्याचं सुख त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग ते उठून पडद्यासमोर गेले आणि वायरीचं पेन उचललं, डाव्या हातात.

"उजवा बरा झालाय तुमचा," मागून कुणीतरी म्हणालं.

"तो रोग्यांसाठी," डॉक्टर म्हणाले. "हा यंत्रासाठी."

त्यानंतर यंत्र एकेका वॉर्डात चढत गेलं. प्रत्येक ठिकाणी तीच कुरकूर, तेच रुसवे. डॉक्टर तिथे जाऊन शिकवायचे, आणि शिकवण्याची सुरुवात बँडमास्तरांच्या गोष्टीने करायचे. स्वतःची फजिती ते इतक्या रंगवून सांगत, की ऐकणाऱ्याचा अर्धा विरोध हसण्यातच जायचा. अधीक्षकांनी दोनदा चांदण्या परत मागून पाहिल्या. भाचीने दोन्ही वेळा सांगितलं, की जागा नाही.

वरच्या मजल्यावरचा मुलांचा वॉर्ड तेवढा राहिला होता. तिथल्या प्रमुख डॉक्टरीणबाई कुणाच्या नादी लागत नसत. एक दिवस त्या आपण होऊन खाली आल्या. एका हातात दुधाची बाटली, कुणाच्या तरी पोराची, तशीच आणलेली.

"तुमचं यंत्र मोठ्या माणसांसाठी असेल छान," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे एक बाळ आहे पिशवीभर साखरेच्या वजनाचं, आणि शेजारच्या खाटेवर मिशी फुटायला लागलेला मुलगा. औषध तेच. प्रमाण कसं सांगणार तुमचं पेन? त्याला बाळाचं वजन कळतं का?"

हा विचार डॉक्टरांच्या मनात कधी आला नव्हता.

"नाही कळत," ते म्हणाले.

"मग?"

"मग त्याला सांगायला हवं. बसा तुम्ही."

त्यांनी फोन उचलून तळघरात लावला, मग औषध विभागात. भाची स्वेटर काढत काढतच जिना चढून आली, बाई चष्मा सारखा करत. डॉक्टरीणबाईंनी बाटली टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि बाळाचं वजन दिवसागणिक कसं बदलतं ते सांगायला सुरुवात केली. भाचीने मध्येच थांबवून विचारलं, वजन रोज कोण घेतं, किती वाजता घेतं, कपड्यांसकट की कपड्यांशिवाय. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"ही मुलगी कामाची आहे," त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

"भाची आहे माझी," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी चौथी खुर्ची आणायला सांगितलं.